खतावणीत न लिहिलेलं भांडवल

मागल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. कॅलेंडरांचा हंगाम होता, शिवाय दोन दिवाळी अंकांचं काम अंगावर होतं. पंधरा दिवस माझ्या छापखान्याचं शटर रात्री दोनच्या आत खाली आलं नव्हतं. एका सकाळी मशीनवरून उतरलेला पहिला कागद हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. कॅलेंडरावरच्या लक्ष्मीचे सगळे रंग जागचे सरकलेले. मुकुटाच्या शेजारी दुसरा पुसट मुकुट, कमळाच्या शेजारी दुसरं कमळ. आमच्या धंद्यात याला रजिस्ट्रेशन गेलं असं म्हणतात आणि कागदाची अख्खी थप्पी वाया गेली असा त्याचा अर्थ होतो. आमचा मशीनमन माझ्याकडे वीस वर्षं आहे. त्याला मी चार माणसांदेखत नको नको ते बोललो.

त्याने उलट उत्तर दिलं नाही. टेबलावरचं भिंग आणून माझ्यापुढे ठेवलं. एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं, तर चारही रंग जिथल्या तिथे. भिंग बाजूला केलं, की पुन्हा दोन लक्ष्म्या. मग त्याने हळूच विचारलं, घड्याळात किती वाजलेत. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मला दोन घड्याळं दिसत होती.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. रक्तातली साखर बेसुमार वाढलेली होती आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी एक नस त्यामुळे तात्पुरती निकामी झाली होती. साखर ताब्यात आणली, तर दोन-तीन महिन्यांत नस बहुतेक आपोआप सुधारेल, पण तोवर गाडी चालवायची नाही, प्रुफं वाचायची नाहीत, रात्री जागायचं नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, की यापूर्वी साखर कधी तपासली होती. मला सांगता येईना. आमच्या ऑफसेट मशीनची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, त्या वेळी कोणता रोलर बदलला, त्याला किती पैसे पडले, हे मात्र मी त्या खुर्चीत बसून तोंडपाठ सांगू शकलो असतो. मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार आहे. मशीनचा आगीचा विमा आहे. मशीन चालवणाऱ्या मालकाचं काहीच नव्हतं.

एका डोळ्यावर पट्टी बांधून घरी बसलो. असा रिकामा मी गेल्या तीस वर्षांत बसलो नव्हतो. माझे वडील कंपोझिटर होते, पुढे स्वतःचा छापखाना काढून मालक झाले. त्यांच्या टेबलामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दादासाहेब फाळक्यांचा फोटो असे. सिनेमाचं त्यांना विशेष वेड नव्हतं. फाळके आपल्या जातीचे, असं ते म्हणत. जात म्हणजे छापखान्याची. वडिलांच्या कपाटात फाळक्यांवरची दोन जुनी पुस्तकं होती. ती या दिवसांत माझी बायको मला रोज संध्याकाळी वाचून दाखवू लागली. चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या माणसाचं आयुष्य मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. ऐकताना सारखं वाटत राहिलं, की हे तर माझ्यासारख्या प्रत्येक स्वयंरोजगारी माणसाचं आयुष्य आहे. फक्त त्यांची झेप मोठी होती.

पगार सोडलेला माणूस

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत नोकरी मिळाल्यावर कुटुंब तिकडे आलं आणि १८८५ साली मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी असं हाताला लागेल ते तो शिकत गेला. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला पुन्हा स्टुडिओ काढून पाहिला, तर फोटो काढला की माणसाच्या अंगातली शक्ती जाते अशी समजूत आडवी आली. १९०२ साली दुसरा विवाह झाला. याच त्या सरस्वतीबाई.

मग पुराणवस्तू खात्यात सरकारी नोकरी मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार येण्याचे आयुष्यातले ते थोडे दिवस. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि १९०६ च्या सुमारास फाळक्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला आणला. रंगीत छपाईतलं नवं तंत्र आणि यंत्रं पाहायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. छपाई उत्तम होत होती, नाव होत होतं. पण भागीदारांशी पटेना. एके दिवशी सगळं जागच्या जागी टाकून ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात बायको-मुलं आणि हातात काही नाही.

नोकरदार माणसाला हे वाचताना धाडस वाटेल. धंदेवाल्याला यात ओळखीचा चटका बसतो. नोकरीत माणूस आजारी पडला, तर रजेचा अर्ज देतो. अर्ज नामंजूर करणारा साहेब कितीही खडूस असला, तरी संध्याकाळी तो आपल्या घरी जातो. स्वतःच्या धंद्यात साहेब आपल्याबरोबर घरी येतो, जेवायला बसतो, अंथरुणावरही शेजारी असतो. उद्याची ऑर्डर, थकलेली उधारी, कागदाचा भाव यांची यादी तो रात्री एक वाजता वाचून दाखवतो. त्याच्याकडे रजेचा अर्ज द्यायला आपण कधी जातच नाही.

अंधार

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम येत होते. आपले देव आपल्या पडद्यावर कधी येणार, या विचाराने त्यांना पछाडलं. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले.

त्यानंतरचे महिने मी बायकोला दोनदा वाचायला लावले. फाळक्यांनी एक लहानसं खेळण्यातलं यंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवले. मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून रात्री घरच्या भिंतीवर ते चित्रं पाडत. रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे पाहत. मिळेल ते परदेशी साहित्य मागवून वाचत. झोप जेमतेम तीन तास. डोळे दुखू लागले, लाल झाले. विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं, ती त्यांनी घेतली नाही. आणि एक दिवस दिसेनासं झालं. भारताचा पहिला चित्रपट काढायला निघालेला माणूस, एक फूटही फिल्म काढण्याआधी, पूर्ण अंधारात जाऊन बसला.

डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी त्यांच्यावर उपचार केले. तीन-चार निरनिराळे चष्मे वापरायला देऊन हळूहळू त्यांची दृष्टी परत आणली. चरित्रांतून ही हकीकत चार-सहा ओळींत येते आणि गाडी पुढे जाते. ध्यासाची किंमत म्हणून ती सांगितली जाते, पराक्रमाचा एक अलंकार असावा तशी. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या मला मात्र ती तशी ऐकू आली नाही. मला वाटलं, की हा चित्रपट ध्यासाने निघाला हे खरंच, पण त्याला तीन-चार चष्मेही कारण झाले. फाळके त्या वेळी थांबले नसते, डॉक्टरांपुढे बसले नसते, तर तीन तासांच्या झोपेतून कमावलेलं सगळं ज्ञान आंधळ्या माणसाच्या डोक्यात राहिलं असतं. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायला डोळा लागतो. ते त्यांचं पहिलं भांडवल होतं आणि ते कुठल्याच खतावणीत लिहिलेलं नव्हतं.

जे भांडवल लिहिलेलं होतं, तेही त्यांनी लावलंच. इंग्लंडला जायला पैसे हवे होते. त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून सुमारे दहा हजार रुपये उभे केले. आपल्या पश्चात घरच्यांचं काय, या प्रश्नाचं जे उत्तर कागदावर होतं, तेच त्यांनी गहाण टाकलं. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनच्या बोटीत बसले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते पाहिलं आणि विल्यम्सन कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र, कच्ची फिल्म यांची जुळणी करून परतले.

वाटाणा

फाळक्यांच्या साऱ्या उद्योगातली माझी आवडती गोष्ट फार लहान आहे. भांडवल देणाऱ्यांना हे तंत्र दाखवून पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून रोज एकेक चित्र घेतलं. हे महिनाभराहून अधिक काळ चाललं. मग ती फिल्म सलग फिरवली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी फुटलं, अंकुर वर आला, रोप वाढलं. कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला.

तीन तास झोपणारा, डोळे जाईपर्यंत पाहत राहणारा हाच माणूस वाटाण्यापुढे महिनाभर धीर धरून बसला. कारण वाटाण्याला घाई करता येत नाही हे त्याला माहीत होतं. रोज थोडं पाणी, थोडं ऊन आणि बाकी वेळ त्याच्या मनासारखं राहू द्यायचं. आपल्या देहालाही हाच नियम लागू आहे, हे मात्र फाळक्यांसारख्या बुद्धिमान माणसालाही सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं होतं? वर्षभर न चाललेली चाल एका रविवारी टेकडी चढून भरून काढायची, आणि दिवाळीतलं जागरण संक्रांतीला झोपून फेडायचं, असा माझा हिशेब होता. शरीर अशी एकरकमी फेड घेत नाही. त्याला रोजचा हप्ता लागतो.

माझ्या पाठीवर हात ठेवून कोणी म्हणेल, की फाळके रात्री आठ तास झोपले असते, तर 'राजा हरिश्चंद्र' निघाला असता का? या प्रश्नाला मी उडवून लावणार नाही. काही कामं अशी असतात, की ती माणसाला पिळून काढल्याशिवाय होत नाहीत. नवा धंदा उभा करताना पहिली दोन-चार वर्षं हिशेबाने झोपता येत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. पण अडचण पुढे येते. सुरुवातीची निकड संपते आणि तिची सवय उरते. मग कॅलेंडराच्या हंगामातही आपण तसेच राबतो आणि चैत्रात काम नसलं, तरी उगाच शटर उघडं ठेवून बसतो. फाळक्यांपुढे एक नवी कला उभी होती. माझ्यापुढे बाराशे कॅलेंडरं होती.

सरस्वतीबाईंची रजा

'राजा हरिश्चंद्र' दादरला तयार झाला. मेन रोडवरच्या 'मथुरा भवन'मध्ये फाळक्यांचं घर होतं आणि तोच कारखाना. आज तो रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्त्रियांच्या भूमिका करायला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. काम सहा-सात महिने चाललं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांपुढे आला.

या काळात सरस्वतीबाई काय करत होत्या? कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. चित्रीकरण उन्हात चाले. तिथे उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडावी लागत आणि ते काम अंधारात करावं लागे. दिवसभराचं घर आवरल्यावर रात्री त्या ते करत. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायलाही त्या शिकल्या. पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिने काढून दिले. लहान मुलं तर होतीच.

हे वाचता वाचता बायको थांबली. काही बोलली नाही, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचू लागली. त्या दिवशी सकाळी ती छापखान्यात जाऊन कॅलेंडरांचं बाइंडिंग पाहून आली होती, बँकेत जाऊन आली होती, माझं पथ्याचं जेवण वेगळं करून मुलांचं वेगळं केलं होतं, आणि आता मला वाचून दाखवत होती. तिचे गुडघे तीन वर्षं दुखतात. दाखवायला जायचं जायचं म्हणून ते राहिलं आहे. आमच्या छापखान्यात मालक म्हणून माझं नाव आहे, मशीनमनला पगार आहे, पोऱ्याला पगार आहे. तिचं नाव हजेरीपटातही नाही. मालकाला निदान रजा न घेतल्याचा अभिमान तरी मिरवता येतो. घरच्या बाईने रजा घेतली नाही, हे कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. फाळक्यांच्या जागरणातली अर्धी रात्र सरस्वतीबाईंच्या वाट्याची होती. माझ्या जागरणाचीही वाटणी अशीच झाली होती.

पुढची वर्षं

यश आलं तसे फाळके आणखी राबले. बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला गेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैसा आटला, तरी १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्याची कमाई एवढी झाली, की नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. १९१८ साली भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्णजन्म' आला, १९१९ साली कन्या मंदाकिनीला कृष्ण करून 'कालियामर्दन' आला. आणि पुन्हा तोच भागीदारांशी बेबनाव. थकलेले, दुखावलेले फाळके सगळं सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. गंगेकाठी शांत बसतील असं वाटावं, तर तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं भलंमोठं नाटक लिहून काढलं. काही काळाने ते कंपनीत परतले.

१९३१ साली 'आलमआरा' बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस संपले. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा बोलपट त्यांनी केला. तो शेवटचा. नव्वदहून अधिक चित्रपट आणि शिवाय लघुपट त्यांच्या नावावर मोजले जातात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला, तेव्हा पैशाच्या बाबतीत ते मोकळेच होते. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ सालापासून, म्हणजे त्यांच्यामागे पंचवीस वर्षांनी सुरू झाला.

या माणसापुढे मी नतमस्तक आहे. त्यांनी हे असं करायला नको होतं, असं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांचा फोटो टेबलामागे लावून त्यांच्यासारखं राबण्याची फुशारकी मारण्याचाही मला अधिकार नाही, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. त्यांच्याकडून घ्यायचाच असेल, तर मी वाटाणा घेईन.

माझ्या डोळ्यांची नस नवव्या आठवड्यात सुधारली. पहिल्या दिवशी छापखान्यात गेलो आणि चार माणसांदेखत ज्याला बोललो होतो, त्याची चार माणसांदेखत माफी मागितली. मग ऑर्डरवही काढली. आमच्याकडे वहीत लिहिलं तेच काम होतं. तोंडी सांगितलेलं राहून जातं, हा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून गिऱ्हाइकाच्या रकान्यात माझं स्वतःचं नाव लिहिलं. रोज सकाळी सहा ते सात चालणं. बुधवारी दुपारनंतर शटर बंद. तीन महिन्यांनी साखर, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासणं. रात्री नऊनंतर मशीन नाही, हंगाम असो वा नसो. एक जुनं गिऱ्हाईक बुधवारवरून कुरकुरलं, दुसरीकडे गेलंही. बाकीचे मंगळवारी येऊ लागले.

वही मिटणार तेवढ्यात बायकोने ती माझ्या हातातून घेतली. काय लिहिलंय ते वाचलं. मला वाटलं, खूश होईल. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि माझ्या नावाखालच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. कामाच्या तपशिलात लिहिलं, गुडघे दाखवणे. तारखेच्या जागी पुढच्या बुधवारची तारीख टाकली आणि वही माझ्यापुढे सरकवली. ऑर्डर घेतल्यावर मी करतो तशी त्याखाली मी सही केली.